रविवारची राइड : अँप्लिफायरची खरखर आधी काढा

मंडळी, रविवारी सकाळी ६ला नेहमीच्या टपरीवर जमायचं. बाइकला स्पीकरचा अँप्लिफायर असलेल्यांनी ५.३०लाच या. मागच्या वेळी घाटात हॅम सेटवर (हौशी रेडिओवर) नुसती खरखर होती. पंक्चरचा निरोप पुढे पोचलाच नाही.

क्लास-डी अँप्लिफायर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, रेडिओवरचा गोंगाट तिथूनच निघतो.

– अर्थची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला द्या, रंगवलेल्या चासीला नको.
– पॉवरची वायर अँटेनाच्या केबलपासून लांब न्या.
– पॉवर आणि स्पीकरच्या वायरींना अँप्लिफायरलगत फेराइट (गोंगाट अडवणारं चुंबकी कडं) लावा, जमल्यास दोन-तीन वेढे देऊन. फरक यानेच जास्त पडतो.

इंजिन चालू, अँप्लिफायर बंद, तरी टरटर? मग दोष स्पार्क प्लगकडे. रेझिस्टरवाला प्लग बघा.

खरखर राहिलीच तर राइडभर अँप्लिफायर बंद. हा नियम सगळ्यांना.