कूलरच्या आधी बोर्डावर आरसीसीबी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

होळी झाली की आमच्या अकोल्यात घरोघरी कूलर बाहेर निघतात. मागच्या वर्षीच्या वाळलेल्या ताट्या बदलल्या जातात, लोखंडी टाकीला आतून रंग लावला जातो, पंप एकदा बादलीत चालवून पाहिला जातो. एवढी सगळी तयारी होते, पण ज्या बोर्डावरून त्या कूलरला वीज जाते, तो बोर्ड उघडून पाहण्याची आठवण कुणालाच होत नाही. मग एप्रिल-मे महिन्यांत दैनिकांच्या आतल्या पानांवर 'कूलरचा शॉक लागून मृत्यू' अशा चार-सहा ओळींच्या बातम्या येऊ लागतात. त्यांतली बरीच माणसे घरातच, उघड्या पायांनी, ओल्या फरशीवर उभी राहून कूलरमध्ये पाणी भरत असतात, आणि पुष्कळदा ती लहान मुले असतात. हे पत्र मी त्यासाठीच, बोर्डावर आरसीसीबी हे शॉकपासून वाचवणारे यंत्र असावे म्हणून, लिहीत आहे.

बहुतेक घरांत लोकांचा समज असा असतो की बोर्डावर एमसीबी आहे, म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे. माझाही अनेक वर्षे हाच समज होता. प्रत्यक्षात एमसीबी ही वायरिंग वाचवण्यासाठी असते. भार वाढला किंवा शॉर्टसर्किट झाले तर ती पडते. माणसाला शॉक बसला, हे तिला समजतच नाही. साधा हिशेब करून पाहावा. घरातला दाब 230 व्होल्ट असतो आणि ओल्या शरीराचा रोध साधारण 1,000 ओहम धरला, तर शरीरातून 0.23 अँपिअर, म्हणजे 230 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. याहून बराच कमी प्रवाहसुद्धा छातीतून काही क्षण गेला तर हृदयाची लय कोलमडते. कूलरच्या लाइनवरची एमसीबी मात्र 6 किंवा 16 अँपिअरची असते. तिच्या लेखी हे 0.23 अँपिअर म्हणजे एखादा जुना बल्ब लावल्यासारखे आहे. माणूस चिकटून राहतो आणि एमसीबी आपल्या जागी उभीच असते.

माणसाला शॉकपासून वाचवण्याचे काम करते ती आरसीसीबी. दुकानात तिला आजही पुष्कळ जण ईएलसीबी याच जुन्या नावाने ओळखतात. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, परत आला का, एवढेच ती सतत ताडून पाहत असते. त्यात 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे प्रवाह कुठेतरी दुसऱ्या वाटेने, पत्र्यातून, भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत जात आहे असे धरून ती सेकंदाच्या एका लहानशा भागात दोन्ही तारा तोडते. माणसाच्या जिवासाठी 30 मिलिअँपिअरचीच घ्यावी लागते. 100 किंवा 300 मिलिअँपिअरच्याही मिळतात, पण त्या गळतीमुळे लागणाऱ्या आगीच्या दृष्टीने असतात. दुकानदाराने 'हीच शिल्लक आहे, हीच न्या' म्हटले तरी घरासाठी ती घेऊ नये.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला हे लिहिण्याचा हक्क नाही. घराची नवी वायरिंग केली तेव्हा आम्ही आरसीसीबी बसवून घेतली होती. त्याच पावसाळ्यात ती वारंवार पडू लागली. रात्री-बेरात्री सगळे घर अंधारात जाई. ओळखीतल्या एका वायरमनला बोलावले. त्याने दहा मिनिटे पाहिल्यासारखे केले आणि म्हणाला, "काकू, थे काढूनच टाकू, मंग लाइन जाणार नाही." आम्ही कंटाळलो होतो. होकार दिला. लाइन जाणे खरोखरच थांबले आणि आम्ही तो विषय विसरून गेलो.

दोन उन्हाळ्यांनंतर सूनबाई एकदा म्हणाली, "आई, पाणी भरताना कूलरला हात लागला की मुंग्या येतात." नातू तेव्हा पाच वर्षांचा होता आणि दुपारभर त्याच कूलरपुढे खेळत असे. आम्ही काय केले, तर कूलरसमोर रबरी पायपुसणे टाकले! चार दिवसांनी मात्र मला राहवेना, म्हणून परवानाधारक वायरमन बोलावला. त्याने कूलरकडे न जाता आधी बोर्डापाशी जाऊन आरसीसीबीवरचे 'टी' (टेस्ट, म्हणजे चाचणी) लिहिलेले बटण दाबले. ते दाबले की लाइन जायला हवी, पण काहीच झाले नाही. झाकण उघडले तेव्हा दिसले की यंत्र आपल्या जागी ऐटीत बसवलेले होते, पण तारा त्याला वळसा घालून सरळ एमसीबीत गेल्या होत्या. दोन वर्षे आम्ही एका रिकाम्या डबीच्या भरवशावर होतो. कूलरमध्ये पाहिले, तर पंपाच्या वायरीचा टेप गुंडाळलेला जोड टाकीच्या पाण्यात बुडालेला होता, आणि थ्री-पिनमधली हिरवी, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची, तार कापून टाकलेली होती. पावसाळ्यात आरसीसीबी का पडत होती, याचेही उत्तर त्याच दिवशी सापडले. गच्चीतल्या दिव्याच्या पॉइंटमध्ये पाणी झिरपत होते. म्हणजे ती बिघडलेली नव्हती, ती आपले काम चोख करीत होती.

यावरून वाचकांना कळकळीने सांगावेसे वाटते की आरसीसीबी पडत असेल तर ती काढू नका, ती का पडते ते शोधून काढा. बऱ्याच घरांत कारण इन्व्हर्टरचे असते. इन्व्हर्टर बसवताना दोन लाइनींचे न्यूट्रल एकत्र जोडले की हिशेब जुळत नाही आणि आरसीसीबी टिकत नाही. ही वायरिंगमधली चूक आहे आणि जाणता वायरमन ती तासाभरात दुरुस्त करतो.

अर्थिंगचेही तसेच आहे. अर्थिंग नसले तरी आरसीसीबी काम करते, पण मग गळती कळायला आधी कुणीतरी पत्र्याला हात लावावा लागतो. अर्थिंग चांगले असेल तर पत्र्यात वीज उतरताक्षणीच, कुणाचा हात लागण्यापूर्वी, लाइन बंद होते. थ्री-पिनमधली वरची पिन लांब ठेवलेली असते ती यासाठी, की प्लग लावताना अर्थिंग सर्वांत आधी जुळावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. जुना टू-पिन सॉकेट आहे म्हणून तीच पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत.

या यंत्राला मर्यादाही आहेत. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला आणि माणूस कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असला, तर आरसीसीबीला फरक जाणवत नाही. तसेच खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर तिच्या आवाक्याबाहेर असते. कपडे वाळत घालायची लोखंडी तार त्या वायरीला घासून अख्खे घर दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, कारण पहिल्याला सोडवायला दुसरा धावतो. तिथे तारेच्या जागी नायलॉनची दोरी बांधणे हाच उपाय आहे. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी प्लग काढायचा, हेही आरसीसीबी असली तरी चुकवायचे नाही.

चांगल्या कंपनीची, आयएसआय चिन्ह असलेली आरसीसीबी साधारण 2,000 रुपयांच्या आसपास मिळते. कूलरच्या किमतीपुढे ही रक्कम मोठी नाही. तरीही भाड्याच्या घरांत ती क्वचितच दिसते. घरमालक म्हणतो भाडेकरूने बसवावी, भाडेकरू म्हणतो घर माझे नाही. माझ्या मते ही जबाबदारी निःसंशय घरमालकाची आहे. गॅसच्या सुरक्षा नळीवर तिची मुदत छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची हे आता घराघरांत ठाऊक झाले आहे. विजेच्या बोर्डाबाबत अशी सवय अजून लागलेली नाही. नवी वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. त्या वेळी 'टी' बटण दाबून दाखवल्याशिवाय अहवालावर सही होऊ नये आणि जुन्या घरांसाठी वीज वितरण कंपनीने उन्हाळ्याच्या तोंडावर बिलासोबत ही सूचना मराठीत छापावी, अशी माझी मागणी आहे. आमच्या घरी आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नातूच खुर्ची ओढायला लावतो आणि आजोबांकडून ते बटण दाबून घेतो.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. कूलरच्या, गिझरच्या किंवा पाण्याच्या मोटरीच्या शॉकने कुणी गेल्याची बातमी आपल्याकडे येईल, तेव्हा आपल्या वार्ताहराने त्या घरात आरसीसीबी होती का, ती चालू होती का आणि अर्थिंग जोडलेले होते का, एवढे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे बातमीत द्यावीत.

आपली नम्र,
एक वाचक, अकोला