पाण्यावरची परीक्षा आणि दृष्टिरेषेची उंची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लांबलचक संथ पाण्याच्या पृष्ठाशी कॅमेरा जवळजवळ टेकवून पलीकडच्या काठावरचा दिवा टिपायचा आणि ‘हिशेबाप्रमाणे हा दिसायला नको होता, तरी दिसतो, म्हणजे पृथ्वी सपाट आहे’ असा निष्कर्ष काढायचा, अशा चित्रफिती सध्या बऱ्याच फिरत आहेत. त्यांची बहुधा टवाळीच होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. पृथ्वीचा आकार स्वतः पाण्यावरून तपासून पाहावा असे वाटणे मुळीच हास्यास्पद नाही. चूक होते ती कॅमेरा ठेवण्याच्या उंचीत, आणि भूमापनाच्या कामात आयुष्य गेल्यामुळे त्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

ही परीक्षा जुनी आहे. १८३८ मध्ये इंग्लंडमधील सपाट पृथ्वीचे पुरस्कर्ते सॅम्युअल रोबॉथम यांनी ओल्ड बेडफर्ड या सरळ खोदलेल्या जलमार्गात उभे राहून, डोळा पाण्यापासून जेमतेम २० सेंटिमीटर वर ठेवून, दूर जाणाऱ्या नावेकडे पाहिले. सहा मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ९.७ किलोमीटरपर्यंत, तिचे निशाण आपल्याला दिसत राहिले असे त्यांनी सांगितले. निव्वळ भूमितीने पाहिले तर एवढ्या खालून क्षितिज १.६ किलोमीटरवरच येते आणि सहा मैलांवरील वस्तूचा तळाकडचा सुमारे पाच मीटर भाग झाकला जायला हवा. रोबॉथम खोटे बोलत होते असे मानण्याचे मला कारण दिसत नाही. त्यांनी जे मोजले ते मात्र पृथ्वीपेक्षा पाण्यालगतच्या हवेचे मोजमाप अधिक होते.

पाणी हवेपेक्षा थंड असले की त्याला लागून असलेला हवेचा थर थंड आणि दाट राहतो, वरचा थर उबदार व विरळ असतो, आणि त्यांतून आडवा जाणारा प्रकाशकिरण दाट थराकडे, म्हणजे खाली, वाकतो. तापमान दर मीटर उंचीला एका अंशाच्या साधारण आठव्या भागाने जरी वाढत असले, तरी किरणाचा बाक पृथ्वीच्या बाकाएवढा होतो आणि पाणी सपाट भासते. थंड पाण्याच्या अगदी पृष्ठालगत एवढा फरक सहज पडतो. पाणी उबदार आणि हवा गार असेल तेव्हा उलट घडते, किरण वर वाकतो आणि हिशेबापेक्षा जास्त भाग झाकला जातो. म्हणून ‘जहाजाचा तळ आधी बुडतो’ एवढेच दाखवून वाद संपला असे मानणाऱ्या गोलवाद्यांचाही हिशेब कच्चाच असतो. पृथ्वीच्या बाकामुळे पाण्याचा पृष्ठभाग किती खाली जातो हे काढण्यासाठी मैलांतील अंतराच्या वर्गाला आठ इंचांनी गुणायचे, हा ठोकताळा तर दोन्हीकडचे लोक निरीक्षकाची उंची विसरून वापरतात.

मार्च १८७० मध्ये त्याच जलमार्गावर आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ही अडचण दूर केली. नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताशी जोडलेले हे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण ते तरुणपणी भूमापक होते हे फारसे सांगितले जात नाही. पृथ्वीचा बाक दाखवून देणाऱ्यास ५०० पौंड देण्याची सपाट पृथ्वी मानणाऱ्या जॉन हॅम्पडन यांची पैज त्यांनी स्वीकारली, आणि दृष्टिरेषा पाण्यापासून सुमारे चार मीटर वर नेऊन एका पुलावर दुर्बीण, सहा मैलांवरच्या दुसऱ्या पुलावर काळा पट्टा, तर दोहोंच्या मध्यावर काठीला तितक्याच उंचीवर चकती अशी मांडणी केली. मधली चकती पट्ट्याच्या स्पष्टपणे वर दिसली. ही मधली खूण म्हणजे परीक्षेचा प्राण आहे. पलीकडचे टोक ‘दिसते की नाही’ हा प्रश्न तिच्यामुळे मागे पडतो, आणि मधला भाग किती वर आला, हे मोजता येते. पाण्याला थोडा एकसारखा उतार असला तरी त्याने या मापात फरक पडत नाही. हॅम्पडन यांनी स्वतः दुर्बिणीतून पाहण्याचेही नाकारले, असे वॉलेस यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणातील ही सर्वांत खेदाची गोष्ट वाटते. केंब्रिजमधील भूगोलतज्ज्ञ हेन्री यूल ओल्डम यांनी १९०१ मध्ये तीन खांब उभारून हीच परीक्षा पुन्हा केली, आणि मधला खांब सुमारे सहा फूट वर आला. भूमितीनेही तेवढाच फुगवटा येतो.

आम्हा मोजणीदारांना हा फुगवटा रोजच्या कामात भेटतो. पृथ्वीचा बाक आणि अपवर्तन, म्हणजे हवेतून जाताना किरणाचे वाकणे, यांची एकत्र दुरुस्ती किलोमीटरमधील अंतराच्या वर्गाला ०.०६७३ ने गुणून मीटरमध्ये काढतात. शंभर मीटरवर ती पाऊण मिलिमीटरही भरत नाही, पण एक किलोमीटरवर पावणेसात सेंटिमीटर होते. जमिनीवर लेव्हल, म्हणजे आडवी दृष्टिरेषा देणारी दुर्बीण, दोन स्टाफच्या, म्हणजे मापे कोरलेल्या उभ्या पट्ट्यांच्या, बरोबर मध्ये लावली की दोन्हीकडची चूक सारखी होऊन आपोआप निघून जाते. रुंद नदीच्या मध्यावर यंत्र लावता येत नाही, म्हणून दोन्ही काठांवरून, शक्यतो एकाच वेळी, वाचने घेऊन त्यांची सरासरी काढावी लागते. तसे न करता एकाच काठावरून काम उरकले, तर पलीकडची पातळी चुकीची येते.

ज्यांना स्वतः पाहायचे आहे त्यांनी दहा किलोमीटर संथ पाणी, पाण्यापासून सारख्या उंचीच्या तीन खुणा आणि किमान चार मीटर वर ठेवलेली दुर्बीण एवढी तयारी करावी. मधली खूण सामान्य हवेत सुमारे १.७ मीटर वर दिसली पाहिजे. निरीक्षण दोन्ही टोकांकडून, दिवसाच्या निरनिराळ्या वेळी करावे आणि न जुळलेली वाचनेही जपून ठेवावीत, कारण अपवर्तन किती बदलते हे त्यांतूनच कळते.

आपणास एक विनंती आहे. असे छायाचित्र, ते कोणत्याही बाजूचे असो, छापताना कॅमेऱ्याची उंची, समोरच्या वस्तूची उंची, दोहोंतील अंतर, आणि पाण्याचे व हवेचे तापमान हे आकडे सोबत मागून घ्यावेत, आणि ते मिळाले नाहीत तर तसे छायाचित्राखाली नमूद करावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूमापक