जुनी घरं विकली जात नाहीत, निदान आखाजीला कागदांचं शिबिर तरी घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात प्लॉटच्या जाहिराती रोज असतात, एनए झालेले, रोड-गटार-लाइट सगळं असलेले, हायवे टच. पण गावाच्या पोटात जी जुनी घरं विकायला काढून वर्षानुवर्षं तशीच पडलीत त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी अमळनेरचा. जुन्या गावातलं आमचं वडिलोपार्जित घर विकायला काढलंय आणि ते जात नाहीये. हे फक्त माझंच रडगाणं नाही, पारोळा घ्या, एरंडोल घ्या, चोपडा, धरणगाव, शिंदखेडा, शहादा, कुठल्याही गावच्या जुन्या पेठेतून एक चक्कर मारा, थोड्या थोड्या अंतरावर एकेक दार कुलूपबंद दिसेल आणि त्यावर ऑइलपेंटनं लिहिलेला मोबाइल नंबर.

एके काळी याच अमळनेरात भाड्यानं खोली मिळायची मारामार होती. प्रताप मिल चालू होती, १९४५ साली विप्रोची सुरुवात झाली ती इथेच, वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून, प्रताप कॉलेजला खेड्यापाड्यातली पोरं यायची, त्यामुळे आमच्या मागच्या दोन खोल्यांत कायम कोणीतरी भाडेकरू असायचाच. मग मिल बंद पडली. शिकलेली पोरं पुण्या-नाशिकला गेली, बाकीची सुरतला उधना-लिंबायतला गेली आणि तिकडेच घरं केली. गाव वाढलं, नाही असं नाही, पण ते बाहेरच्या बाजूनं वाढलं, आतलं गाव रिकामं होत गेलं.

गिऱ्हाईक येतच नाही असंही नाही. कापूस विकून हातात पैसा आला की डिसेंबरपासून होळीपर्यंत लोक घरं बघत हिंडतात. येतात, गल्लीच्या तोंडाशी गाडी लावतात, चारचाकी आत येत नाही हे कळलं की निम्मं मन तिथेच उतरतं. काही जण आत येतात पण खोल्यांकडे बघतच नाहीत, मान वर करून तुळया मोजतात, खांबावर बोटांनी टकटक करतात, दाराची चौकट वितीनं मापतात. त्यांना घर नको असतं, सागवान पाहिजे असतं. एकानं मला सरळ सांगितलं, "भाऊ, लाकूड मन्हं, माती तुन्ही." फार वाईट वाटलं. पैशाची नड असली की माणूस त्यालाही हो म्हणतो, आमच्या आसपास तशी घरं उतरलीत, पण त्यानंतर काय उरतं ते जाऊन बघा. दोन भिंतींच्या मधे पांढऱ्या मातीचा ढीग, त्यात सगळ्या गल्लीचा कचरा, आणि शेजारच्याची सामाईक भिंत उघडी पडून पावसात भिजत असते, म्हणजे एकाचं घर गेलं की दुसऱ्याचंही कमकुवत झालं. ज्यांना खरोखर नडच आहे त्यांना मी काही बोलू शकत नाही, पण निदान शेजाऱ्याशी बोलून, भिंतीचा बंदोबस्त करून मग लाकूड काढा एवढीच हात जोडून विनंती आहे.

आता ज्याला खरंच राहायला घर पाहिजे तो बँकेत जातो. बँक म्हणते मंजूर नकाशा आणा, बांधकाम किती जुनं ते सांगा, भिंती मातीच्या असतील तर लोन होणार नाही. मग तो बाहेरच्या कॉलनीतला रो-हाऊस बघतो, कारण तिकडे लोन होतं. यात त्याची काय चूक?

आणि दुसरी अडचण रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरतक्त्याची, ती सामान्य माणसाला सौदा ठरेपर्यंत माहीतच नसते. समजा माझं घर प्रत्यक्षात १० लाखाला जातंय आणि सरकारी तक्त्यात त्याची किंमत १५ लाख निघतीये, तर घेणाऱ्याला स्टँप ड्युटी १५ लाखावर भरावी लागते. तेवढ्यावर संपत नाही, दोन्ही किमतीत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला की इन्कम टॅक्सवाले मला १५ लाख मिळाले असंच धरून चालतात आणि घेणाऱ्याला जो ५ लाखाचा फरक मिळाला ते त्याचं उत्पन्न धरतात. न मिळालेल्या पैशावर टॅक्स! मेनरोडच्या दुकानाला आणि आतल्या बोळातल्या मातीच्या घराला जमिनीचा एकच दर लावला तर दुसरं काय होणार, गल्लीची रुंदी बघून दर वेगळा ठरवा ही मागणी आपल्या आमदारांनी लावून धरली पाहिजे. तोवर जे मार्ग आहेत ते तरी लोकांना कळू द्या. बांधकामाच्या वयाप्रमाणे घसारा धरला जातो, त्यासाठी घर किती जुनं ते दाखवणारा नगरपालिकेचा जुना असेसमेंटचा उतारा जवळ ठेवा. किंमत फारच फुगलेली वाटली तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे स्टँप ड्युटी किती ते ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो, आणि इन्कम टॅक्सच्या अधिकाऱ्याला आमचं घर सरकारी मूल्यांकन अधिकाऱ्याकडून तपासून घ्या असं म्हणता येतं. घेणाऱ्याला हेही सांगा की घर घरातल्या बाईच्या नावानं घेतलं तर स्टँप ड्युटीत १ टक्का सवलत आहे, ती १ एप्रिल २०२१ पासून चालू आहे.

पण माझं मत विचाराल तर दर आणि गल्ली ह्या नंतरच्या गोष्टी. जुनी घरं अडकतात ती जास्त करून कागदावर. प्रॉपर्टी कार्ड काढून बघा, कित्येक घरांवर अजून आजोबांचंच नाव असतं. आजोबा गेले, वडील गेले, काका गेले, वारस नोंद कोणी लावलीच नाही, आता वारस मोजायला बसलं तर कोणी नाशकात, कोणी सुरतला, आत्या वारलेली आणि तिची पोरं ओळखीची पण नाहीत. गिऱ्हाईक सगळं आवडूनही हे ऐकलं की परत येत नाही, आणि का यावं त्यानं?

यात बहिणींचा विषय येतो, त्याबद्दल मला मोकळं बोलायचंय. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे, २००५ च्या दुरुस्तीनं तो दिलाय आणि सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मधे स्पष्ट सांगितलंय की कायदा आला त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. तरी आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली की साडी-चोळी करून हक्कसोड पत्रावर सही घ्यायची असा प्रकार चालतो. नका करू असं. मनानं आनंदानं सोडत असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर विक्रीच्या पैशातून तिचा वाटा तिच्या खात्यावर टाका. ज्या घरात बहिणीला हिशोबात धरलंय त्या घराची कागदं पटकन होतात, हे मी आमच्या गल्लीतच बघितलंय.

आणखी एक, सौदा पावतीचं. थोडा इसार देऊन घर अडकवून ठेवणारे लोक फिरतात. आमच्याकडेही एकानं तसंच केलं, इसार दिला आणि पुढचं मोठं गिऱ्हाईक मिळेपर्यंत आम्हाला लटकवून ठेवलं, त्या काळात आलेली दुसरी माणसं आम्हाला परत पाठवावी लागली. पावतीवर मुदतीची तारीख आणि मुदत संपली तर इसाराचं काय हे लिहून घ्यायलाच पाहिजे, माणूस नात्यातला असला तरी.

आता तोवर घराचं काय करायचं. कुलूप लावून निघून जाऊ नका हो. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर माणसावाचून टिकत नाही. पहिला पाऊस पडायच्या आधी वर खारी माती टाकावी लागते, पन्हाळ मोकळे करावे लागतात, पाऊस चालू असताना कुठे टिपका पडतोय ते बघून वर चढावं लागतं. बंद घरात तो एक टिपका चार महिने त्याच तुळईवर पडतो. आमच्या शेजारचं घर दिवाळीत उघडलं तेव्हा मी होतो, खांबावर खालपासून पार माळ्यापर्यंत वाळवीची बोटाएवढी मातीची नळी गेलेली, बळदाचं, म्हणजे धान्याच्या कोठीचं, झाकण उघडलं तर आतून ओलीचा वास, आणि देवळीतल्या फोटोची काच तेवढी चांगली, आतला कागद पार खाल्लेला. तेच घर वर्षभर आधी पाहून गेलेला माणूस पुन्हा आला आणि दारातूनच मागे फिरला.

त्यापेक्षा कोणाला तरी राहायला द्या. सरकारी दवाखान्यातली नर्स असेल, बदलीवर आलेला एसटीचा ड्रायव्हर असेल, भरतीची तयारी करणारी पोरं असतील. भाडं थोडं येईल, येऊ द्या, वर झाडलोट होते, दिवा लागतो. लोकांना भीती वाटते की भाडेकरू निघणारच नाही, आणि जुन्या काळी तसं घडलंयही, म्हणून अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा आणि तो रजिस्टर करा, नुसता स्टँपपेपरवर लिहून नोटरी करून चालत नाही, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकावर टाकलीये. नगरपालिकेची पट्टी पण भरत राहा, थकली की दर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, विकताना ती सगळी एकदम अंगावर येते. आणि गिऱ्हाईकाला घर दाखवायचंच तर भर मे महिन्यात दुपारी बोलवा. बाहेर ४४-४५ डिग्री असताना स्लॅबची घरं भट्टी झालेली असतात, तेव्हा मातीच्या जाड भिंतीतली ओसरी काय असते ते त्याला आपोआप कळतं, सांगावं लागत नाही.

मनाचं पण थोडं लिहितो. रोज कोणीतरी विचारतं, "काय भो, इकाई गयं का घर?" आणि रोज नाही म्हणावं लागतं, ते नाही म्हणणं फार जड जातं. ज्यांनी पोराच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट ह्या घराच्या पैशावर धरलंय त्यांची तर झोप उडते. माझं त्यांना सांगणं एवढंच की घर विकलं जाईल असं धरून कर्ज उचलू नका, पोराला खरं काय ते सांगा. आणि वास्तुदोष आहे म्हणून घर जात नाही असं सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागून दारं फिरवत बसू नका, तो पैसा धाब्यावर माती टाकायला नाहीतर कागदं काढायला वापरा. ह्याच घरात चार पिढ्या जन्मल्या, लग्नं झाली, दोष असता तर तेव्हा दिसला नसता का?

आता मुख्य मागणी. आखाजी हा आपल्या खान्देशातला असा एकच सण आहे की ज्याला लेकीबाळी माहेरी येतात आणि सुरत-पुण्याचे लोकही गावी येतात. म्हणजे सगळे वारस एका छपराखाली असतात. एरवी हेच लोक एका सहीसाठी एकमेकांच्या सुट्ट्या जुळवत बसतात आणि त्या जुळत नाहीत. तर आखाजीच्या आठवड्यात प्रत्येक तालुक्याला नगरपालिकेत एक शिबिर घ्या. भूमी अभिलेखचा माणूस, नगरपालिकेचा कर विभाग, दुय्यम निबंधक कार्यालयाचा माणूस आणि नोटरी, सगळे एका हॉलमधे बसवा. मृत्यूचा दाखला, वंशावळ, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार, काय काय आणायचं त्याचा बोर्ड महिनाभर आधी लावा, आणि पेपरातही छापा म्हणजे सुरतेतल्या लोकांपर्यंत फोटो पोहोचतो. नोंद त्याच दिवशी होणार नाही, नोटीस-हरकतीची मुदत असते ते मला कळतं, पण अर्ज आणि सह्या तरी एका दिवसात होतील. सण कधी ते पंचांगात वर्षभर आधी असतं, त्यामुळे तयारीला वेळ नव्हता असं कोणाला म्हणता येणार नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांना ही विनंती मी तुमच्यामार्फत करतोय.

आणि तुम्हालाही एक विनंती. तुमच्या तालुका बातमीदारांना एकेका गावच्या जुन्या पेठेत पाठवा, बंद दारं किती आणि त्यातली कागदामुळे अडलेली किती ते छापा. आकडा समोर असला की साहेब लोकांना शिबिर नको म्हणणं अवघड जाईल.

आपला,
एक वाचक, अमळनेर, जि. जळगाव