रंगासाठी थांबलेली नाही

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, तरी हिला पत्र कशाला सुचलं, असं आई म्हणेल. फोन बाबा स्पीकरवर टाकतात, आई पलीकडच्या खोलीतून उत्तरं देते, बाबा तिला ‘अगं, जवळ येऊन बोल’ म्हणतात, आणि या सगळ्यात मला जे सांगायचं असतं ते राहून जातं. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, आधी चष्मा घ्या. आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका, विशेषतः तुमच्याबद्दलचं.

बातमी पहिली. काल गाडीचा चॅसी नंबर आला. बुकिंग करताना सहा आठवडे सांगितले होते, हा चौदावा चालू आहे. इतके दिवस आपली गाडी म्हणजे यादीतलं एक नाव होतं. कारखान्यात आपल्या नावाची गाडी कोणी वेगळी बनवत नाही. त्या रंगाची, त्या व्हेरिएंटची गाडी तयार झाली की यादीत ज्याचा क्रम असेल त्याला ती लागते. नंबर मिळाला म्हणजे कुठेतरी एक पत्र्याची, चार चाकांची, खरीखुरी गाडी आपल्यासाठी उभी आहे. काल तो नंबर फोनवर सांगताना तुम्ही मला तीनदा थांबवलंत, ‘ओ की शून्य? नीट सांग.’ बाबा, त्यात ओ नसतोच. हा नंबर १७ अंक-अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत. एक आणि शून्याशी घोळ होतो म्हणून. थोडक्यात, तुमच्यासारखे विचारणारे सगळ्या जगात आहेत.

आता मुख्य गोष्ट.

दीड महिन्यापूर्वी शोरूममधून फोन आला होता, ‘मॅडम, तीच गाडी रेडी स्टॉकमध्ये आहे, चार दिवसांत देतो.’ वरचं मॉडेल, पण गिअरची, आणि करड्या रंगाची. तुम्ही लगेच म्हणालात, ‘घेऊन टाक. गिअरची तर गिअरची, चाळीस वर्षं काय हवेत हात फिरवत होतो का?’ आणि मी म्हटलं, ‘मला करडा रंग नको.’ तुम्ही गप्प झालात. नंतर आईकडून कळलं, तुम्ही म्हणालात, ‘पोरीला रंगापायी तीन महिने थांबायला आवडतं, आपण काय बोलणार.’

बाबा, रंगाचं खोटं होतं. करडा वाईट नाही, धूळही कमी दिसते.

मागच्या खेपेला मी घरी आले होते, तेव्हा तुम्ही मला स्टेशनवर घ्यायला आलात. परतताना ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली. दोन हात पुढे, थांबा, पुन्हा दोन हात पुढे. मी शेजारी बसून फोनमध्ये बघत होते. सहज मान वर केली, तर तुम्ही डावी मांडी हाताने उचलून पाय क्लचवर ठेवत होतात. एकदा नाही, पाच-सहा वेळा. स्टिअरिंगवरचा हात काढायचा, पँट गुडघ्याजवळ धरायची, पाय उचलायचा, ठेवायचा, हात परत स्टिअरिंगवर. इतकं सफाईनं, की बरेच दिवस चाललेलं असणार. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही बोलले नाही. घरी आल्यावर ‘ट्रॅफिक फार वाढलंय’ एवढंच म्हणालात.

म्हणून ऑटोमॅटिक. म्हणून हा चौदावा आठवडा. आपल्याला हव्या त्या व्हेरिएंटला वेटिंग जास्त होतं, हे मला बुकिंगच्या दिवशीच माहीत होतं. तुम्हाला ‘सगळ्यांना सारखंच असतं’ असं सांगितलं तेही खोटंच.

तेव्हाच तोंडावर का बोलले नाही, हा तुमचा प्रश्न येणारच. मला भीती वाटली की मी गुडघ्याचं नाव काढलं तर तुम्ही चावीच माझ्या हातात ठेवाल. ‘झालं आमचं, आता तुम्ही चालवा.’ तुमचा स्वभाव मी ओळखून आहे. आणि मला ते नको आहे. तुम्ही गाडी चालवायचं सोडावं म्हणून ही गाडी घेत नाहीये, उलट कारणासाठी घेतेय. डॉक्टरांना मी स्पष्ट विचारलंय: उजवा पाय ठणठणीत, नजर ठीक, डाव्या गुडघ्याला क्लचचा ताण नको. बास.

‘मग गाडी चालवतो कोण, मी की ती?’ हे तुमचं ठरलेलं वाक्य मला ऐकू येतंय. चालवणार तुम्हीच. फक्त सवय बदलावी लागेल, आणि ती सोपी नाही, हे आधीच सांगते. डाव्या पायाला काहीच काम नसतं. चाळीस वर्षांची सवय म्हणून थांबताना तो क्लच शोधत जातो, आणि तिथे असतो ब्रेकचा रुंद पॅडल. पाय जोरात पडला की गाडी जागच्या जागी उभी, आणि आतले सगळे पुढे. मी स्वतः टेस्ट ड्राइव्हला हेच केलं. शोरूमचा मुलगा मागे बसला होता, त्याचं डोकं पुढच्या सीटला लागलं. तो हसला, पण नंतर बेल्ट घट्ट केला. तर, डाव्या पायासाठी कडेला एक आडवी जागा दिलेली असते, पाय तिथे ठेवायचा तो ठेवायचाच. दुसरं म्हणजे गाडी ‘डी’मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, टाकून ब्रेक सोडला की अ‍ॅक्सिलरेटर न दाबताही गाडी हळूहळू सरकायला लागते. ती बिघडलेली नाही, तशीच असते. पहिले चार-पाच दिवस आपण मोकळ्या मैदानात जाऊ. मला तुम्ही रिव्हर्स शिकवलात तेव्हा विटा उभ्या केल्या होत्यात आणि मी त्या सगळ्या पाडल्या होत्या. विटांची सोय या वेळी मी करते.

आई, तू आता म्हणशील, सगळं यांच्याच गुडघ्याचं, माझं काय? तुझ्यासाठी तर मी लोकांचं हसू ओढवून घेतलंय. घरी आले होते तेव्हा तुझी खिडकीजवळची खुर्ची मोजून नेली होती, ज्या खुर्चीवरून तू हात न टेकता उठतेस तीच. ५४ सेंटिमीटर भरली. मग प्रत्येक शोरूममध्ये टेप घेऊन गेले आणि जमिनीपासून सीटची कड किती उंच आहे ते मोजलं. बाबांना आवडलेली ती लांबोडकी सेडान, ४७. त्यात तू बसशील छान, पण बाहेर काढायला दोन माणसं लागतील. शेजाऱ्यांकडे आहे तसली उंच एसयूव्ही, ६९. त्यात आधी चढायचं, मग बसायचं. आपली ५६ आहे. दारही जवळजवळ काटकोनात उघडतं आणि वरची कड डोक्याला लागत नाही. मी आत बसून, उठून, पुन्हा बसून पाहिलं. तुझ्यासारखं, म्हणजे आधी पाठ करून बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे. सेल्सवाल्या मुलीला वाटलं मला काही होतंय.

तुझा घडीचा वॉकरही बसतो. डिकीचे लिटर वाचून मला काही कळत नव्हतं, दुधाची पिशवी थोडीच ओतायची आहे तिथे. मग वाचलं, की युरोपातल्या एका पद्धतीत ते २०० गुणिले १०० गुणिले ५० मिलिमीटरचे ठोकळे डिकीत रचून मोजतात, एक ठोकळा म्हणजे एक लिटर. सांदीकोपऱ्यात ठोकळा गेला नाही तर ती जागा धरत नाहीत. हिशेब प्रामाणिक आहे, पण वॉकर काही ठोकळ्यांचा नसतो, म्हणून मी एक वॉकर मागून नेला आणि ठेवून पाहिला. आडवा बसला नाही. मागची सीट अर्धी पाडली, उभा गेला आणि शेजारी एक माणूस बसायला जागा उरली.

बाबा, ही सोय तुमच्या सेडानमध्ये नाही. आपण घेतोय तसल्या हॅचबॅकला तुम्ही ‘शेपूट तोडलेली गाडी’ म्हणता ते मी तीस वर्षं ऐकतेय. पण शेपूट तोडल्यामुळेच तर मागचा अख्खा दरवाजा काचेसकट वर जातो आणि आत-बाहेर असा भेद राहत नाही. १९६१ साली रेनॉल्टने ‘रेनॉल्ट ४’ काढली तीच अशी: लहान गाडी, मोठा पाठचा दरवाजा, शेतकऱ्याने आठवडाभर माल न्यावा आणि सुट्टीला घरच्यांना. तशा ऐंशी लाखांहून जास्त गाड्या बनल्या. १९७४ मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ आली आणि मग घरची गाडी म्हटली की लोकांना हाच आकार डोळ्यांसमोर यायला लागला. म्हणजे शेपूट नसण्याचं खानदान तुमच्या लग्नापेक्षा जुनं आहे.

उशिराचं कारण विचारू नका. दर वेळी ‘पार्ट नाही’ आणि ‘पुढच्या आठवड्यात’ एवढंच उत्तर मिळालं. एकदा कुठला पार्ट ते तरी सांगा म्हटलं, तर फोन होल्डवर गेला आणि कट झाला. स्क्रूपर्यंत मोजलं तर एका गाडीत तीस हजारांच्या आसपास भाग असतात, त्यातला एक अडला तरी गाडी बाहेर पडत नाही हे मला समजतं. २०२१ मध्ये नखाएवढ्या चिपसाठी जगभरचे कारखाने थांबले होते, तेही आठवतं. पण ‘माहीत नाही’ म्हणायला लाज वाटते म्हणून ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणायचं, याचा मला राग आला आणि एकदा आवाज चढला. नंतर त्या मुलीला सॉरी म्हटलं. तिच्या हातात काय आहे?

रेडी स्टॉकच्या त्या गाडीचं मात्र एक सांगायचं राहिलं. मी ती बघायला गेले होते, तुम्हाला न सांगता. टायरवर चार आकडी खूण असते ना, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे? त्यावरून टायर आदल्या वर्षीचे निघाले. म्हणजे गाडी बहुतेक कित्येक महिने यार्डात उन्हात उभी. एका जागी उभं राहून टायर खालून चपटे होतात, बॅटरी उतरते. गाडी गिअरची नसती तरी मी नाही म्हटलं असतं, एवढं तुमच्या शिकवणीला जागले आहे.

आता पुढचं. गाडी ट्रेलरवर चढली आहे, आठ-दहा दिवसांत यार्डात येईल असं म्हणतात. मी त्यात आणखी आठवडा धरलाय. रजिस्ट्रेशन आपल्या नावावर व्हायच्या आधी मला ती नीट बघायची आहे, एकदा नाव लागलं की मग तक्रार करत बसायचं. आणि बघायला तुम्ही हवे आहात, बाबा. तुम्ही दोघांनीही या, आईने सीटवर बसून बघायचं आहे. सकाळच्या उजेडात जाऊ, ट्यूबलाइटखाली रंगातला फरक आणि ओरखडे दिसत नाहीत. टायरच्या तारखा, स्टेपनी आणि जॅक, सगळ्या काचा खाली-वर, वायपर, एसी, दोन्ही चाव्या. मीटरवर शून्य किलोमीटर नसेल, त्यावरून भांडू नका. कारखान्यातली चाचणी, ट्रेलरवर चढवणं-उतरवणं यात थोडे किलोमीटर पडतातच. तीन आकडी दिसले तर मात्र तुम्ही बोला, मी मध्ये पडणार नाही.

घरी आणल्यावर पहिले हजारएक किलोमीटर फार ताणायची नाही आणि तासन्‌तास एकाच वेगाने पळवायची नाही. तुम्हाला सांगायला नको, धाकट्याला सांगा. तो पहिल्याच रविवारी हायवेवर नेण्याचे बेत करतोय.

आई सांगत होती, तुम्ही जुनी गाडी रोज सकाळी पुसता. एक्स्चेंजमध्ये द्यायच्या गाडीला इतकी चकाकी कशाला, असं तिने विचारलं तर म्हणालात, ‘जाताना बरी दिसावी.’ पुसा. पण हळूहळू सामानही काढून ठेवा. तुमचा हवेचा गेज, टॉर्च, पान्यांची पिशवी, ग्लोव्ह बॉक्समधल्या पावत्या (२००९ पासूनच्या सगळ्या ठेवायची गरज नाही), आईचा शाल ठेवायचा हूक. ड्रायव्हरच्या सीटवरची ती उशी मात्र तिथेच राहू द्या. पाय थोडा वर राहावा म्हणून तुम्ही ती घेता, हे आता मला कळलंय. नव्या गाडीची सीट बाजूच्या दांड्याने वर-खाली होते.

गाडी यार्डात आली की फोन करते. स्पीकर बंद ठेवा.

तुमची,
थोरली

ता. क. नंबर मेसेज करून पाठवलाय. सहावं आणि अकरावं, दोन्ही शून्य.