फ्लोमला उतरल्यावर काय करायचं

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

टूरवाल्यांचा कागद बघितला. नॉर्वेतल्या फ्लोमला जहाज सकाळी लागणार, संध्याकाळी सुटणार, आणि तेवढ्या वेळात त्यांनी इतकं काय काय कोंबलंय की सगळं करायला गेलात तर अर्धा दिवस बसमध्येच जाईल. माझं ऐका, दोनच गोष्टी करा, आगगाडी आणि छोटी बोट. बाकीचं राहिलं तर राहू दे.

पण त्याच्याही आधी, त्या दिवशी पहाटे उठून डेकवर जा, नाश्ता नंतर. फ्लोम काही समुद्राच्या काठावर नाहीये, सोग्नेफ्योर्ड म्हणजे खाडी म्हणा हवं तर, ती 200 किलोमीटरपेक्षा जास्त आत गेलीय आणि तिच्या एका फाट्याच्या अगदी टोकाला हे एवढंसं गाव, त्यामुळे जहाज कितीतरी तास दोन्हीकडच्या उंच डोंगरांमधूनच चालत असतं आणि जूनमध्ये इथं रात्री नीट अंधार पडतच नाही, चार वाजतासुद्धा सगळं स्वच्छ दिसतं. आई, शाल नको, वाऱ्यात सांभाळत बसशील, स्वेटरवर विंडचीटर घाल आणि कानटोपी.

बाबा, गाडी खास तुमच्यासाठी. स्टेशन धक्क्याला लागूनच आहे, गुडघ्यांना त्रास नाही. तुम्ही कर्जतला बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लावून गाड्या घाटावर चढवल्यात, भोर घाटात 1 इन 37, म्हणजे 37 मीटरला एक मीटर चढ, बरोबर ना? इथं 1 इन 18 आहे! आणि दातेरी रूळ वगैरे काही नाही, साधी चाकं साध्या रुळांवर, गाडीच्या दोन्ही टोकांना इंजिन. 20 किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीपासून 866 मीटर वर मिर्दालला जाते, तासाभरात. 20 बोगदे आहेत, त्यातले 18 हातानं खोदलेत, एका ठिकाणी तर लाईन डोंगराच्या पोटातच उलटी वळते. 1940 साली सुरू झाली तेव्हा वाफेचं इंजिन होतं, वीज नंतर आली आणि ती क्योसफॉसन धबधब्यावर तयार केलेली. त्या धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटं थांबते, सगळे खाली उतरतात, तुषार अंगावर येतात, आई तू मोबाईल पिशवीत ठेव. उन्हाळ्यात तिथं कड्यावर लाल झग्यातली एक बाई गाणं म्हणत नाचते, ती त्यांच्या लोककथेतली हुल्द्रा, माणसांना भुलवून डोंगरात नेणारी. बाबा, खाली आल्यावर जुन्या स्टेशनात म्युझियम आहे, फुकट आहे, बघूनच या.

दुपारी बोट. फ्लोम ते गुडवांगन, साधारण दोन तास, येताना बस बोगद्यातून विसेक मिनिटांत परत आणते. ही बोट बॅटरीवर चालते, आवाज नाही धूर नाही, त्यामुळे नॅरॉयफ्योर्डमध्ये शिरल्यावर वरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. तो फ्योर्ड अगदी अरुंद जागी 250 मीटरच रुंद आहे, 2005 पासून जागतिक वारशात आहे. तुमचं मोठं जहाज तिकडे जात नाही, म्हणून ही बोट सोडू नका. आईला हे सगळ्यात आवडेल असं मला वाटतं. वाटेत उंद्रेदाल लागतं, बकऱ्या पाळणारं छोटं गाव, तिथलं तपकिरी चीज फ्लोमच्या दुकानात मिळतं, किंचित खारट कंदी पेढ्यासारखं लागतं, थोडंसंच घ्या.

स्टेगास्टाइनला मात्र जाऊ नका. सुंदर आहे हे खरंच, फ्योर्डच्या 650 मीटर वर हवेत पुढे आलेला सज्जा, पण रस्ता नागमोडी आणि चिंचोळा आहे आणि आईला गाडी लागते, उरलेल्या दिवसाचं वाटोळं होईल. ब्रेक्केफॉसन धबधब्याची चढण पण नको, बाबा. पाय मोकळे करायचे तर नदीकाठानं जुन्या गावाकडे चाला, 1670 चं लाकडी चर्च आहे, जमेल तिथपर्यंत जा आणि मागे फिरा.

जहाज माझ्या बर्गनला थांबत नाहीये म्हणून मला फार वाईट वाटत होतं, पण बर्गनहून मिर्दालला गाडीनं दोन तासच लागतात. मीच येते. तुम्ही खालून वर या, मी प्लॅटफॉर्मवर असेन, आणि मग तिघं एकत्र खाली उतरू आणि बोटीलाही एकत्रच बसू. जहाजं लागतात त्या दिवशी तिकिटं संपतात, म्हणून मी आजच तिघांची काढतेय, कोड बाबांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवते. टूरवाल्यांना सांगून ठेवा की त्या दिवशी तुम्ही ग्रुपसोबत नाही, आणि जहाजावर परत यायची वेळ त्यांच्याकडून नीट विचारून मला लगेच कळवा.

तुमची,
ताई