पेनसिल्व्हेनियातून बाबांना : इथल्या हरणांविषयी

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथलं सरकार हरणं मारायचे परवाने वाटतं म्हणे, अन् आम्ही रोही-नीलगायींपायी रातभर जागलीला बसतो, हे कसं?" आवाज तुटत होता, आणि उत्तरही लांबलचक आहे, म्हणून लिहूनच पाठवतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या राज्यात हरीण औषधालाही उरलं नव्हतं. लाकूडवाल्यांनी डोंगर बोडके केले आणि मांस विकणाऱ्यांनी कळप संपवले. लांडगे तर त्याआधीच नाहीसे झाले होते. मग १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली आणि १९०७ साली कायदा केला की मारायचा तो शिंगवाला नरच. तोडलेल्या रानाला कोवळी फूट भरपूर, पाठीमागे लांडगा नाही, मादीला कोणी हात लावायचा नाही. वीसेक वर्षांतच हरणं रानात मावेनाशी झाली. पण तोवर 'मादी मारू नये' हे इथल्या माणसांच्या अंगात मुरलं होतं, बापानं पोराला शिकवलेलं.

रानाची काय गत झाली ते सरकारी जंगलात पाहिलं. तिथे वनखात्यानं मोठा तुकडा आठ फुटी जाळीनं बंद केलाय. आत ओक आणि मेपलची रोपं माझ्या छातीला लागत होती, अगदी दाट. जाळीच्या बाहेर पाऊल टाकलं तर गुडघाभर नेचे, दुसरं काहीच नाही. हा नेचा चुरगळला की वाळल्या गवताचा वास येतो. हरणं त्याला तोंड लावत नाहीत, बाकी सगळं खुडतात, आणि त्याच्या सावलीत बी रुजलं तरी वर येत नाही. वर ऐंशी-शंभर वर्षांची झाडं झकास उभी आहेत, म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं रान ठणठणीत आहे. ही झाडं पडली की त्यांची जागा घ्यायला खाली पोरवडाच नाही.

तेव्हा हरणं कमी करायची तर माद्या मारायला हव्यात, आणि गंमत म्हणजे यालाच शिकाऱ्यांचा विरोध! मला आधी वाटायचं भांडण शिकारी आणि प्राणिप्रेमी यांच्यात असेल. तसं नाही. शिकाऱ्याला रानात हरणं जास्त हवीत, वनवाल्याला कमी. गॅरी ऑल्ट नावाचे अस्वलांचे नावाजलेले अभ्यासक होते. १९९९ मध्ये हरणांचं काम त्यांच्याकडे आलं. गावोगाव सभा घेऊन त्यांनी माद्यांची शिकार वाढवा, कोवळे नर सोडा, हे समजावलं. २००२ पासून शिंगाला ठरावीक टोकं असल्याशिवाय नर मारायचा नाही असा नियमही आला. काही सभांना त्यांना बुलेटप्रूफ जाकीट घालून जावं लागलं, आणि २००४ च्या अखेरीस त्यांनी काम सोडलं. नियम मात्र राहिला.

आमच्या शेजारचे आजोबा अजून ऑल्टच्या नावावर चिडतात. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. दिवसभर थंडीत झाडावरच्या मचाणावर बसायचं आणि एक शेपूट दिसायचं नाही, तर माणूस वैतागणारच. त्यात २०१९ पासून बंदुकीनं हरीण मारायचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारऐवजी शनिवारी उघडतो. पूर्वी त्या सोमवारी कित्येक शाळांना सुट्टी असे, आणि आदल्या रात्री रानातल्या केबिनीत आजोबा-बाप-नातू पत्ते कुटत बसत. शनिवार केला तो नोकरीवाल्या पोरांना यायला जमावं म्हणून. कारण १९८२ च्या सुमाराला शिकारीचे तेरा लाख परवाने जात, आता नऊ लाखांच्या आत. खरी काळजी तीच आहे. लांडग्याचं काम केशरी जाकिटातल्या शिकाऱ्यांनी अंगावर घेतलं, आणि तीच माणसं म्हातारी होत चाललीत. माझं मत विचाराल तर मादीचे परवाने द्यायलाच हवेत, पण ते वापरणारा कोण उरणार, याचं उत्तर मला इथे कोणाकडे दिसत नाही.

तरी हे जसंच्या तसं आपल्याकडे उचलावं असं मी म्हणणार नाही. इथे हरणं रान खातात, तिथे रोही अन् डुकरं तुमची तूर-चणा खातात. आणि आपल्याकडे वाघ आहे. रोही-डुक्कर त्याचंच खाणं, पण त्यांच्यामागे तो वावरात आलेला कोणाला परवडतो?

आईला सांगा, शेजारच्या आजोबांनी दिलेलं हरणाचं मांस मी परत केलं नाही. काळा मसाला घालून केलं, जरा चिवट झालं. इथे जास्तीचं मांस शिकारी गरिबांच्या अन्नछत्राला देतात, ते मला आवडलं.

कुंपणाच्या झटका मशीनच्या अनुदानाचे कागद पुढे सरकले का? नसतील तर मी पैसे पाठवतो, चणा निघेपर्यंत वाट पाहू नका. आणि रात्री एकटे जाऊ नका, सोबतीला गड्याला न्या.

तुमचा,
संजू