चार चोर घेतले की टोळी चोरपावली होत नाही

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेमवर अर्धं पान लेख आला, तो घरातल्या सगळ्यांनी वाचला. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने २०२३ च्या ऑगस्टमध्ये आणलेला हा खेळ मी गेली दीड वर्षं खेळते आहे. माझा मुलगा नोकरीसाठी जर्मनीत आहे, पुतणी पुण्यात. रविवारी रात्री आम्ही तिघं आपापल्या घरून एकाच मोहिमेवर निघतो. मराठी वर्तमानपत्राने या खेळाची इतकी आस्थेने दखल घेतली याचं समाधान वाटलं. म्हणूनच त्यातल्या एका सल्ल्याबद्दल लिहिणं मला गरजेचं वाटतं.

लढाई टाळून, लपतछपत खेळू पाहणाऱ्यांना लेखात सांगितलं आहे की टोळीतले चौघंही 'रोग' (म्हणजे चोर) वर्गाचे घ्या, आणि शॅडोहार्ट या सोबतच्या पुजारिणीचा 'ट्रिकरी' उपवर्ग दुबळा असल्याने तळावरच्या विदर्स या पात्राला १०० मोहरा देऊन तो लगेच बदलून घ्या. या दोन्ही गोष्टी टोळीला मारक आहेत. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, तेव्हा आधी हिशेबच मांडते.

या खेळात लपून जाताना पहारेकऱ्याच्या नजरेचा टप्पा जमिनीवर लाल रंगात दिसतो. त्या टप्प्यात उजेड असेल तर फासा पडतच नाही, तुम्ही सरळ पकडले जाता. अर्धवट सावली असेल तर वीस बाजूंचा फासा पडतो आणि त्यात तुमचं कौशल्य मिळवलं जातं. समजा, पहारेकऱ्याला चुकवायला १२ हवेत. तिसऱ्या पातळीवरच्या तरबेज चोराला फाशावर ७ जास्तीचे मिळतात, म्हणजे त्याला ५ किंवा वर पडलं की पुरे. तो शंभरात ८० वेळा निसटेल. पण लेखात म्हटल्याप्रमाणे असे चार चोर एकामागोमाग त्या सावलीतून गेले तर? चौघंही निसटण्याची शक्यता ०.८ चा चौथा घात, म्हणजे शंभरात ४१. एक जरी दिसला तरी आरडाओरडा होतो आणि सगळी छावणी अंगावर येते. चार निष्णात माणसं असूनही निम्म्याहून जास्त वेळा लढाई गळ्यात.

आता दुसरी टोळी घ्या. एकच चोर, आणि बाकीचे तिघं असे की ज्यांना लपण्याचं काहीच अंग नाही. नुसत्या फाशावर ही टोळी शंभरात सात वेळाच पार होईल. पण शॅडोहार्टने 'पास विदाउट ट्रेस' हा मंत्र म्हटला की तिच्या आसपासच्या प्रत्येकाला फाशावर १० जास्तीचे मिळतात. ज्यांना १२ लागत होते त्यांना आता २ पुरतात. चौघंही पार होण्याची शक्यता शंभरात ८० च्या वर जाते. ४१ विरुद्ध ८०! आणि हा मंत्र तिला तिसऱ्या पातळीला मिळतो तो केवळ ती ट्रिकरीची पुजारीण आहे म्हणून. दुसऱ्या उपवर्गात नेली की तो गेला. खेळातल्या इतर वर्गांपैकी ड्रुइडकडे तो आहे, रेंजरकडेही मिळतो, सावलीच्या वाटेने जाणाऱ्या मंककडेही. पण शॅडोहार्ट खेळाच्या सुरुवातीपासून सोबत असते, तिला शोधत फिरावं लागत नाही. शिवाय जखमा भरण्याचं कामही तिचंच.

या मंत्राला पथ्यं आहेत, तीही सांगितली पाहिजेत. तो एकाग्रतेवर टिकतो. म्हणजे त्याच वेळी तिला एकाग्रता लागणारा दुसरा मंत्र धरता येत नाही, आणि तिला मार बसला तर तो तुटू शकतो. म्हणून तिला रांगेच्या मधोमध चालवायचं. पुढे चोर, मागे बाकीचे, आणि कोणी फार लांब पडायचं नाही, कारण मंत्राचा परिणाम तिच्याजवळ असेपर्यंतच. आमच्याकडे मुलगा नेहमी पुढे धावायचा. आता तो दारापाशी थांबून विचारतो, "आई, आलात का सगळे?" मग मी खेळ पाळी-पाळीच्या पद्धतीवर टाकते. लढाई नसतानाही ते करता येतं. एक पाळी सहा सेकंदांची, त्यात पहारेकरी किती वळतो ते नीट पाहता येतं.

प्रश्न उरतो धिप्पाड सोबत्यांचा. पुतणीला कारलॅक ही दांडगी लढवय्यी अतिशय प्रिय आहे आणि तिला तळावर सोडून जायला ती कधीच तयार झाली नाही. लेखाप्रमाणे अशा सोबत्याला लपूनछपून खेळताना जागाच नाही. मला हे अजिबात पटत नाही. प्लेटचं जड चिलखत घातलेल्याला लपताना दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो, हे खरं. पण कारलॅक चिलखताशिवायही लढते. आणि मुख्य म्हणजे सगळ्यांनी सगळीकडे जायलाच हवं असं नाही. टोळी सुटी करून एखाद्याला बाहेर थांबवता येतं. जो लांब आहे तो लढाईत आपोआप ओढला जात नाही, हवा तेव्हा येऊन मिळतो.

गॉब्लिन नावाच्या खुज्या राक्षसांची छावणी आम्ही अशीच पार केली. पहिल्या खेपेला तिघंही तलवारी उपसून आत शिरलो होतो. कोणीतरी नगारा वाजवला, सगळी छावणी गोळा झाली आणि पाऊण तासात आम्ही संपलो. दुसऱ्या खेपेला आधी बाहेरच्या दारूच्या भांड्यात विष कालवलं. मग आतल्या मोडक्या देवळात एकेक नगारा गाठून फोडला. मुलगा आपला चोर घेऊन वरच्या तुळयांवरून ड्रॉर रॅगझलिन या त्यांच्या म्होरक्याच्या डोक्यावर पोहोचला, मी शॅडोहार्टला खांबाआड ठेवलं आणि कारलॅक दरवाज्यापाशी उभी राहिली. पहिला बाण बेसावध शत्रूवर पडला की त्याची पहिली पाळी वाया जाते. त्या पाळीत जे साधायचं ते चोराने साधलं. दुसऱ्या पाळीत पळून जाणाऱ्यांची वाट कारलॅकने अडवली. चार चोर असते तर दुसऱ्या पाळीत घाव झेलायला कोण होतं? तिथे कैदेत असलेल्या हॅल्सिन या ड्रुइडला आम्ही सोडवलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि पुतणी फोनवर अक्षरशः ओरडत होती.

लेखकाने चोराच्या मारेकरी उपवर्गाबद्दल जे लिहिलं आहे ते मात्र अगदी बरोबर आहे. बेसावध शत्रूवर त्याचा लागलेला प्रत्येक वार 'क्रिटिकल', म्हणजे इजेचे फासे दुप्पट करणारा असतो. अंधारात बळ वाढणारा 'ग्लूम स्टॉकर' रेंजर त्याच्या जोडीला दिला तर आणखी चांगलं, असं मी सुचवीन. पण या दोघांना शत्रूपर्यंत न दिसता पोहोचवणार कोण, याचं उत्तर लेखात नाही.

आपल्या पुरवणीचे वाचक बहुतांश शाळा-कॉलेजातली मुलं आहेत आणि छापून आलेल्या गोष्टीवर ती विश्वास ठेवतात. माझ्याच शेजारच्या मुलाने लेख वाचून त्याच संध्याकाळी शॅडोहार्टचा उपवर्ग बदलला. मी त्याला वरचा हिशेब वहीत मांडून दाखवला, तेव्हा त्याने पुन्हा १०० मोहरा मोजून तिला ट्रिकरीत परत आणलं. येत्या रविवारी चौकटीत एवढी एकच दुरुस्ती छापावी ही विनंती: लपून खेळायचं असेल तर शॅडोहार्टला आहे तशीच राहू द्या, आणि तिसऱ्या पातळीपासून 'पास विदाउट ट्रेस' वापरा.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली